पिवळा संपतो तिथं

वाटेवरचे बाण रंगवायचे तर शेवटाकडून सुरुवात करायची, हे रंगवालीला तिच्या उस्तादानं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. वाट संपते तिथला खांब आधी, मग त्याच्या अलीकडचा, मग त्याच्या अलीकडचा, असं मागं मागं येत फाट्यावरचा खांब सगळ्यात शेवटी. म्हणजे काम मध्येच थांबलं तरी फाट्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला नवा बाण दिसतच नाही आणि तो आपल्या जुन्या वाटेनं निमूट जातो. अगदीच नाइलाज झाला आणि सुरुवातीकडून रंगवावं लागलं, तर काम सोडून उठताना प्रत्येक बाणावर गोणपाटाची टोपी चढवायची. उस्ताद एरवी ढिला माणूस. दुपारचं जेवण झालं की ब्रश उशाशी घेऊन झोपायचा. पण या दोन बाबतींत तो कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. "लोक बाण बघून चालतात गं," म्हणायचा, "तुझ्या जेवायच्या सुट्टीची वेळ बघून नाही चालत."

नदीकाठच्या त्या उद्यानात रंगवालीनं सोळा वर्षं काम केलं आणि सोळा वर्षं हे दोन्ही नियम पाळले. त्या शुक्रवारी तिनं दोन्ही मोडले.

उद्यान शहराच्या मधोमध होतं. एका अंगाला उंच इमारती, दुसऱ्या अंगाला नदी. आत तीन वाटा. निळी वाट म्हाताऱ्याकोताऱ्यांची आणि बाळांच्या गाड्यांची, दहा मिनिटांत संपणारी. पिवळी तळ्याला वळसा घालून पूर्वेच्या फाटकाशी येणारी. लाल वाट दगडी बाकाच्या फाट्यापासून खाली उतरायची, मोरी ओलांडायची, बोरूच्या दाट बेटातून नदीच्या अगदी कडेनं जायची आणि पार पुलाशी वर यायची. वरच्या धरणातून पाणी सोडलं की ही खालची वाट बुडायची. वर्षातून पाच-सहा वेळा हे व्हायचं, त्यामुळे त्याचं कुणाला फारसं काही वाटत नसे. धरणावरून फोन यायचा, रखवालदार फाट्यावर साखळी लावायचा आणि दोन दिवसांनी गाळ धुऊन पुन्हा काढायचा.

पूर्वेच्या फाटकासमोरच्या गल्लीत रंगवालीचं घर होतं. दोन खोल्या, भाऊ, भावजय, ती आणि बाबा. भाऊ मालट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. बाबा टपाल खात्यातून निवृत्त झालेले. अडतीस वर्षं त्यांनी घरोघर पत्रं पोचवली होती आणि आता त्यांना स्वतःच्या घराचा पत्ता सांगता येत नव्हता. आधी नावं गेली, मग वार गेले, मग जेवलो की नाही हे जाऊ लागलं. चालणं मात्र गेलं नाही. सकाळी दहा वाजले की त्यांचे पाय शिवशिवायचे. जुनी टपालाची पिशवी खांद्याला अडकवून ते दाराशी येऊन उभे राहायचे.

दोन वर्षांपूर्वी एकदा ते हरवले आणि संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला सापडले. दुसऱ्या दिवशी रंगवालीनं दाराला कुलूप घातलं. बाबांनी दहा वाजता कडी ओढून पाहिली आणि मग दारावर थापा मारायला सुरुवात केली. रागानं नाही, अगदी कामासारख्या. एकामागून एक, चार तास. त्यांचे तळवे सुजून टम्म झाले. रंगवाली संध्याकाळी घरी आली तेव्हा त्यांचा हात हातात घेऊन ती रडली आणि तिनं स्वतःशी ठरवलं, आपल्या जिवात जीव आहे तोवर या माणसाला कोंडायचं नाही.

मग तिनं त्यांना पिवळा शिकवला. सहा महिने रोज कामावर जाण्याआधी त्यांचा हात धरून ती पिवळ्या वाटेवर चालली. "बाबा, पिवळा धरायचा. पिवळा धरला की काय येतं?" "घर." "आणि पिवळा दिसेनासा झाला तर?" इथं ते अडायचे. "तर तिथंच थांबायचं. हलायचं नाही. मी येते." "ठकी येते," ते म्हणायचे. ठकी म्हणजे ती. पंचेचाळिशीच्या बाईला ठकी म्हणणारं जगात हे एकच माणूस उरलं होतं.

आणि ते जमलं. नावं विसरणाऱ्या माणसाच्या डोक्यात पिवळा मात्र पक्का बसला. दीड वर्ष बाबा दहाला निघायचे आणि साडेअकराच्या आत परत यायचे. त्या वाटेवरच्या पोपडे धरलेल्या बाणांवर रंगवाली जरा जास्तच हात फिरवायची. सगळ्या उद्यानात पिवळी वाट कशी लखलखीत असते म्हणून लोक कौतुक करायचे. त्यामागचं कारण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आठवण गेलेला म्हातारा एकटा फिरतो हे कार्यालयाला कळलं असतं, तर त्यांनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं असतं.

म्हणूनच कार्यालयातल्या साहेबांनी नवा नकाशा टेबलावर पसरला तेव्हा तिला धड बोलता आलं नाही. नव्या नकाशात पिवळा नदीकडे गेला होता. बोरूच्या सावलीत लाल रंग दिसत नाही, पिवळा दिसतो, हे साहेबांचं म्हणणं. तळ्याची वाट निळ्यात जाणार होती. म्हणणं बरोबर होतं, त्यामुळे आणखीच पंचाईत.

"पिवळा आहे तिथंच ठेवला तर नाही चालणार?" तिनं विचारलं.

"का?"

"लोकांना सवय झाली आहे, म्हणून म्हटलं."

"लोकांना नवी सवय होईल," साहेब म्हणाले आणि नकाशाची गुंडाळी करू लागले.

काम सोमवारी सुरू व्हायचं होतं. सोमवारपासून पंधरा दिवस बाबांना घरी ठेवायचं, भावजयीनं त्यांना गप्पांत गुंतवायचं, आणि पहाटे पहाटे रंगवालीनं त्यांना निळा शिकवायचा, असं दोघींचं ठरलं होतं. निळा शिकणं त्यांना आता जमणार नाही हे दोघींनाही ठाऊक होतं. पण तसं एकमेकींना म्हणायची हिंमत कुणाचीच नव्हती.

शुक्रवारी सकाळी साहेबांचा फोन आला. ऊन चांगलं पडलं आहे, खालच्या वाटेचं आजच उरकून टाक, शनिवार-रविवारच्या गर्दीच्या आत वाळेल. रंगवालीनं घड्याळ पाहिलं. साडेअकरा वाजून गेले होते. बाबा एव्हाना घरी पोचून हातपाय धुऊन बसले असणार. एक फोन करून खात्री करावी, असं तिच्या मनात आलंही होतं, पण हाताला रंग लागला होता.

खालच्या वाटेचं शेवटचं टोक अजून सावलीत होतं आणि तिथले खांब दवानं ओले होते. ओल्या लाकडावर रंग धरत नाही. म्हणून तिनं फाट्यापासून सुरुवात केली. फाट्यावरच्या खांबावरचा जुना पिवळा बाण, जो सरळ तळ्याकडे आणि पुढं घराकडे जायचा, तो तिनं राखाडी रंगानं पुसून टाकला. त्याच खांबावर खाली उतरणारा नवा पिवळा बाण काढला. मग एकामागून एक खांब घेत ती मोरी ओलांडून बोरूच्या बेटात शिरली. सव्वीस खांबांपैकी अकरा झाले तोच पुन्हा फोन. पश्चिमेच्या फाटकाशी नव्या बाकांची गाडी आली होती, उतरवून घ्यायला कुणी नव्हतं. गोणपाटाच्या टोप्या कोठारात राहिल्या होत्या. अर्ध्या तासात तर यायचंय, असं म्हणून तिनं डब्याचं झाकण दाबून बसवलं, डबा अकराव्या खांबामागं ठेवला आणि बेटाच्या बाजूच्या कामगारांच्या पायऱ्यांनी ती सरळ वर चढून गेली. तेव्हा पाऊण वाजला होता.

बाकं अर्ध्या तासात उतरत नसतात. दोन वाजता रखवालदाराचा फोन आला. त्याला सगळे शिट्टी म्हणायचे, कारण तोंडात शिट्टी नसेल तर त्याला बोलायला सुचायचं नाही. "धरणाचं पाणी येतंय," शिट्टी म्हणाला. "साखळी लावतोय. तुझं काही आहे का खाली?"

"एक डबा आहे. जाऊ दे तो. आत कुणी नाही ना, ते नीट बघ."

"मोरीपर्यंत जाऊन तीनदा वाजवली. कुणी नाही."

मोरीच्या पुढं बोरूचं बेट होतं आणि शिट्टीचा गुडघा दुखत होता. त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. शिट्टी वाजली की माणसं वर येतात हा त्याचा वीस वर्षांचा अनुभव होता.

तीन वाजून दहा मिनिटांनी भावजयीचा फोन आला.

"ताई, बाबा तुमच्याकडे आलेत का?"

"माझ्याकडे कशाला येतील? झोपले असतील बघ."

"ते उशिरा निघाले हो आज. सकाळी पिशवीचा पट्टा तुटला. पिशवीशिवाय पाऊल टाकेनात. मग मी चांभाराकडून शिवून आणली. साडेबारा झाले निघायला. तुम्ही सोमवारचं म्हणाला होतात, म्हणून मी…"

रंगवालीनं फोन बंद केला आणि ती पळत सुटली.

आता इथं तिच्या डोक्याचा काय गोंधळ झाला तो बघा. खालच्या वाटेवर नवे बाण तिनं स्वतः काढले होते, फाट्यावरचा घराकडचा बाण तिनं स्वतः पुसला होता, आणि तरी ती पळाली ती तळ्याकडे. दीड वर्षं बाबा तिथूनच जात होते, त्यामुळे तिच्या पायांनीही तीच वाट धरली. तिनं तळ्याभोवतीचं प्रत्येक बाक पाहिलं. झुडपांमागं पाहिलं. स्वच्छतागृहाच्या दारावर थापा मारल्या. पिशवीवाले आजोबा पाहिलेत का, खाकी पिशवी, उंच, थोडे वाकलेले, असं ती दिसेल त्याला विचारत सुटली. लोक मान हलवायचे आणि पुढं जायचे. रोज सकाळी "काय रंगवाली, आज कुठला रंग" म्हणून थट्टा करणारी माणसं तिचं तोंड पाहून बाजूला सरकत होती. तळ्याचा एक वळसा झाला, दुसरा झाला. नदी चढत होती हे तिला ऐकू येत होतं, पण बाबांचा आणि नदीचा संबंध अजून तिच्या मनाला शिवला नव्हता.

शेवटी तिला पावलं मोजणारा गृहस्थ भेटला. हा रोज दहा हजार पावलं चालायचा आणि भेटेल त्याला आकडा सांगायचा. तक्रार केल्याशिवाय त्याचा दिवस जायचा नाही.

"बरं झालं भेटलात," तो म्हणाला. "हा काय प्रकार आहे तुमचा? तुमचे नवे बाण माणसाला खाली नेतात आणि झाडीत मध्येच सोडून देतात. माझी साडेचारशे पावलं फुकट गेली. परत फिरलो. तिथं एक म्हातारे गृहस्थ शेवटच्या खांबाला धरून उभे होते. त्यांनाही म्हटलं, चला, पुढं काही नाही. तर म्हणाले, मुलगी येतेय."

"कधी?" तिनं विचारलं.

"दीडच्या सुमारास. का हो?"

पिवळा दिसेनासा झाला की तिथंच थांबायचं, हलायचं नाही. तिनंच शिकवलं होतं. आणि ज्या माणसाच्या डोक्यातून बायकोचं नाव गेलं होतं, त्याच्या डोक्यातून हे गेलं नसणार याची तिला पुरेपूर खात्री होती. शिट्टी वाजली असेल, पाणी आलं असेल, तरी ते हलले नसतील.

फाट्याशी शिट्टी साखळीजवळ बसला होता. तिला पळत येताना पाहून तो उठला. मोरीवरून पाणी वाहत होतं, गढूळ आणि जोरात. त्या बाजूनं जायचा प्रश्नच नव्हता.

"बाबा खाली आहेत," ती म्हणाली. "अकराव्या खांबाशी."

शिट्टीचा चेहरा उतरला. "मी वाजवली गं. तीनदा वाजवली."

"अग्निशमनवाल्यांना फोन कर. मी पायऱ्यांनी जाते."

"त्यांना वीस मिनिटं तरी लागतील."

"म्हणून तर जाते."

कामगारांच्या पायऱ्या म्हणजे उतारात ठोकलेले लाकडाचे ओंडके. बाजूला लोखंडी कठडा. शेवटच्या चार पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या. बोरूचे शेंडे एका बाजूला वाकले होते आणि त्यांच्या मधून तिला बाबा दिसले.

ते खांबाला डाव्या हातानं धरून उभे होते. पाणी मांड्यांपर्यंत आलं होतं. पिशवी त्यांनी भिजू नये म्हणून छातीशी उचलून धरली होती. चेहऱ्यावर भीती नव्हती. टपाल कचेरीच्या खिडकीसमोर रांगेत उभं राहावं तसे ते उभे होते.

"बाबा," तिनं हाक मारली. "चला. इकडं या."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. ती पाण्यातून त्यांच्यापर्यंत गेली, त्यांचा हात धरला. हात बर्फासारखा गार होता. त्यांनी तो सोडवून घेतला.

"बाई, तुम्ही जा पुढं," ते म्हणाले. "मला थांबायचंय इथं."

बाबांनी आयुष्यात तिला कधी अहोजाहो केलं नव्हतं. लग्न मोडून ती घरी परत आली त्या दिवशीसुद्धा त्यांनी "ठकी, आलीस? हातपाय धू," एवढंच म्हटलं होतं. आणि आता ते तिला तुम्ही म्हणत होते.

"बाबा, मी ठकी. मीच ठकी. मी आलेय."

त्यांनी तिचं तोंड निरखून पाहिलं. रंगाचे डाग, विस्कटलेले केस, चिखल. "ठकी लहान आहे," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुम्हाला दुसरं कुणी हवं असेल. तिनं सांगितलंय, पिवळा संपला की थांबायचं. मी हललो तर ती मला शोधायची कुठं?"

तिनं त्यांना कमरेला धरून ओढलं. म्हातारा माणूस, पण खांबाला अशी काही मिठी मारली की हलेना. "सोडा हो," ते म्हणाले, आणि आता त्यांच्या आवाजात भीती होती, पाण्याची नाही, तिची. जास्त ओढलं असतं तर दोघंही प्रवाहात गेली असती. पाणी तिच्या कमरेला लागत होतं. वरून शिट्टी काहीतरी ओरडत होता. तिनं देवाला हाक मारली, उस्तादाला शिव्या दिल्या, साहेबांना दिल्या, सगळ्यांत जास्त स्वतःला दिल्या. आणि तेवढ्यात तिच्या मांडीला काहीतरी येऊन धडकलं. खांब आणि बोरू यांच्या बेचक्यात तिचा रंगाचा डबा अडकून डुलत होता.

झाकण घट्ट बसलेलं होतं. तिनं कंबरेच्या किल्ल्या काढल्या, घराची किल्ली झाकणाच्या फटीत घातली आणि सगळा जोर लावला. ब्रश कधीच वाहून गेला होता. तिनं आख्खा पंजा डब्यात बुडवला.

पायऱ्यांच्या दिशेला सहा-सात पावलांवर एक वाळुंज होती. तिच्या बुंध्यावर पाण्याच्या वरच्या कोरड्या सालीवर तिनं बोटांनी बाण ओढला. जाड, वेडावाकडा, ओघळणारा. उस्तादानं पाहिला असता तर तिच्या कानाखाली आवाज काढला असता.

"पिवळा," ती म्हणाली. "बघा. तिथं आहे पिवळा. संपलेला नाही."

बाबांनी मान वळवली. बाणाकडं पाहिलं. पाकिटावरचं किचकट अक्षर लागल्यावर खुलावा तसा त्यांचा चेहरा खुलला. "हां," ते म्हणाले. "मघाशी नव्हता हा." आणि त्यांनी खांब सोडला.

ती पुढं, ते मागं. वाळुंजीपर्यंत ते आले तोवर तिनं पुढच्या सूचना-फलकावर पंजा उमटवला होता. फलकापर्यंत आले तोवर कठड्याच्या पहिल्या नळीला पिवळं फासलं होतं. त्यांचा हात धरायची सोय नव्हती, धरला की ते थांबायचे. आपल्या बापाला कमरेएवढ्या पाण्यातून एकट्याला चालू द्यायचं आणि आपण उलट्या पावली त्याच्यापुढं रंग फासत जायचं, याहून वाईट काम तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. फलक आणि कठडा यांच्या मध्ये त्यांचा पाय पाण्याखालच्या ओंडक्यावरून घसरला. ते छातीपर्यंत खाली गेले आणि प्रवाहानं त्यांना बोरूकडं ओढलं. तिच्या हाताला लागला तो पिशवीचा पट्टा. चांभारानं सकाळी घातलेली शिवण. तिनं पट्टा मनगटाला गुंडाळून दोन्ही हातांनी ओढला आणि मनात त्या न पाहिलेल्या चांभाराच्या पाया पडली. शिवण सुटली नाही.

पायऱ्यांवर तिनं एकेका ओंडक्याला पिवळं लावलं. एकूण तेवीस. अर्ध्यावर शिट्टी गुडघा विसरून खाली आला होता आणि हात पुढं करत होता. "हात लावू नकोस," ती म्हणाली. "बाजूला हो, बाण झाकतोयस तू."

वर पोचल्यावर बाबा गवतावर बसले. ते थंडीनं कापत होते. शिट्टीनं आपला डगला त्यांच्या अंगावर टाकला. खाली अकरावा खांब आता दिसत नव्हता. बाबा त्याच जागेकडं बघत होते.

"ती येईल हो तिथं," ते म्हणाले. "मी नाही दिसलो तर घाबरेल. तिला कुणीतरी निरोप द्या."

"देते," रंगवाली म्हणाली.

"नक्की पोचला पाहिजे."

"पोचेल, बाबा."

अग्निशमनवाले आले, डॉक्टर झाले, साहेबही आले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच सांगितलं की आजोबांना यापुढं उद्यानात एकटं सोडता येणार नाही आणि फाटकांवर तसं कळवलं जाईल. तिनं मान डोलावली. नाही म्हणायला तिच्याकडं तोंड उरलं नव्हतं.

रात्रभर ताप होता, सकाळी उतरला. भावजय दोन डोळे सुजवून चुलीपाशी बसली होती. तिला काय बोलायचं? तिनं तर पिशवी शिवून आणली होती.

दहा वाजायला आले तसे बाबा अंथरुणातून उठले. ओल्या पिशवीकडं गेले, खांद्याला अडकवली. रंगवालीनं त्यांच्याआधी दार गाठलं आणि आतून कुलूप लावलं. किल्ली घालताना ती दोनदा भोकाबाहेर गेली. मग ती खाटेच्या कडेला बसली आणि तिनं कानावर हात ठेवले. पहिल्या थापेची वाट बघत बसली.

थाप पडली नाही.

तिनं मान वर केली. बाबा दारासमोर उभे होते. त्यांचं बोट कुलपावर होतं. कालच्या डब्यातला रंग किल्लीच्या दात्यांत दाटून अजून ओलाच राहिला होता आणि तो कुलपाच्या भोकाभोवती लागला होता, नखाएवढा. त्यांनी त्याच्यावर बोट ठेवलं. मग दाराच्या वर पाहिलं, खाली पाहिलं, दोन्ही बाजूच्या भिंती पाहिल्या. पुढं पिवळा कुठंच नव्हता. त्यांनी पिशवी छातीशी धरली, डावा हात चौकटीवर टेकवला आणि ते थांबले.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. अर्धा तास झाला. भावजयीनं खुर्ची आणून ठेवली, पण ते बसले नाहीत. थापा मारल्या असत्या तर सुजलेले हात शेकता आले असते. याला काय करायचं ते रंगवालीला कळेना. ती उठली आणि त्यांच्या शेजारी जाऊन दाराकडं तोंड करून उभी राहिली.

बऱ्याच वेळानं बाबांनी तिच्याकडं वळून पाहिलं.

"तुम्हीही तिचीच वाट बघताय का?" त्यांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

"येईल," ते म्हणाले आणि जरा सरकून त्यांनी तिला जागा करून दिली.